उकिरड्याचा जीर्णोद्धार

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. ती ज्या काळी रूढ झाली त्या काळचा उकिरडा शेणाचा, केरकचऱ्याचा आणि पालापाचोळ्याचा होता. आज ना उद्या तो शेतात जावयाचा आणि त्याचे सोने व्हावयाचे, हे ठरलेलेच असे. शहरातल्या उकिरड्याचे प्राक्तन निराळे आहे. काच, पत्रा, रबर, रसायने आणि ज्याला कुजणेच ठाऊक नाही असे प्लास्टिक पोटात घेऊन तो वर्षानुवर्षे धुमसत राहतो. त्याची दैना आपोआप फिटत नाही. ती कोणीतरी फेडावी लागते. मुंबईच्या माहीमच्या खाडीकाठी ती कशी फेडली गेली, आणि तीत पुरते यश आले काय, याचा वृत्तान्त वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

शीव आणि वांद्रे यांना जोडणाऱ्या रस्त्यावर, धारावीला लागून आणि मिठी नदीच्या काठावर, ‘महाराष्ट्र निसर्ग उद्यान’ या नावाची सुमारे ३७ एकरांची एक दाट राई आहे. बाहेर वाहनांची अखंड रांग, एका अंगाला जगातल्या अतिदाट वस्त्यांपैकी एक, नदीच्या पलीकडे काचेच्या उंच इमारती. आणि मध्ये करंज, पांगारा, वड, उंबर यांची सावली, खंड्याची झेप, भारद्वाजाचा घुमणारा आवाज. प्रथमच आत जाणाऱ्याला ही जागा मूळचेच रान असून शहराच्या तावडीतून कशीबशी वाचली असावी, असे वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. झाडांच्या मुळांखाली शहराचा कचरा पुरलेला आहे. हे वाचलेले रान नव्हे. हे उकिरड्यावर वाढविलेले रान आहे.

या भूमीचा इतिहास मात्र उकिरड्यापासून सुरू होत नाही. माहीम हे मुंबईच्या सात बेटांपैकी एक. ‘महिकावतीची बखर’ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात आणि तिच्या अनुषंगाने चालत आलेल्या परंपरेत बिंब राजाची कथा येते. महिकावती म्हणजे मुंबईचे माहीम की उत्तरेचे केळवे-माहीम, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मुंबईच्या जुन्या इतिहासकारांनी नोंदविलेली परंपरा सांगते, की राजा येथे आला तेव्हा हे बेट ‘बरडबेट’ म्हणून ओळखले जाई. बाभळीवाचून तेथे दुसरे झाड नव्हते. राजाने नारळ आणि इतर फळझाडे आणवून लावली, आपल्याबरोबर आलेल्या कुळांना वसविले आणि बेट नांदते केले. पाठारे प्रभूंची कुलदेवता प्रभावती, जिच्या नावाने आजचे प्रभादेवी ओळखले जाते, तीही याच परंपरेत येते. देऊळ आणि बाग यांनी एखादी ओसाड जागा माणसांची होते, ही जाण आपल्या समाजाला किती जुन्या काळापासून आहे, हे या कथेवरून दिसते. तिच्यातला इतिहास किती आणि आख्यान किती, हा वाद विद्वानांकडे सोपवू. ‘बरड’ हा शब्द मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावा.

बेटाच्या ईशान्येस खाडी होती. ‘शीव’ या नावाचा अर्थच सीमा. मुंबईचे बेट संपून साष्टीची भूमी सुरू होण्याची ही हद्द. मधल्या पाणथळीत भरतीचे पाणी चढे आणि ओहोटीला उतरे. तिच्या काठाने तिवरांची जंगले होती आणि तिवरांच्या आधाराने मासळी, मासळीच्या आधाराने कोळी. धारावीचा कोळीवाडा हा मुंबईच्या सहा मोठ्या कोळीवाड्यांपैकी एक असल्याचे १९०९ च्या मुंबई गॅझेटियरात नमूद आहे. आज धारावी म्हटले की केवळ झोपडी आठवते. पण ते मुळात खाडीवर जगणाऱ्या लोकांचे गाव होते.

मग बांध आले. गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, शीवचा बांध पुरा झाला. १८४५ मध्ये माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा रस्ता खुला झाला. त्यासाठी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दीड लाखावर रुपये दिले. या दानाने असंख्य जीवांचा प्रवास सुखाचा झाला, यात शंका नाही. परंतु पाण्याच्या वाटेत घातलेला प्रत्येक बांध आपला हिशेब मागाहून सादर करतो. खाडीचे तोंड आवळले गेले आणि गाळ साठू लागला. वर, नदीच्या उगमाकडे, १८६० मध्ये विहार तलाव आणि पुढे पवईचा तलाव झाला. त्यांच्या सांडव्याचे पाणी घेऊन वाहणारी मिठी नदी शहराच्या वाढीबरोबर गटार बनत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून धारावीत कातड्याचे कारखाने वाढले. शहराला जे काही नजरेआड करावयाचे होते ते सारे या सीमेवर येऊन पडू लागले. दुर्गंधीचे धंदे आले, ते करणारी माणसे आली, आणि शेवटी कचराही आला.

विसाव्या शतकात या खाडीकाठच्या पाणथळीवर मुंबईचा कचरा पडत राहिला. पाणथळ म्हणजे पडीक जमीन, आणि पडीक जमीन म्हणजे भराव घालण्याची जागा, ही त्या काळच्या नगररचनेची सर्वमान्य समजूत होती. तिवरांचे मोल कोणाच्या खात्यावर मांडलेले नव्हते. येथे आपल्याला थांबून एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ‘ओसाड जमीन’ ही निसर्गाची निर्मिती क्वचितच असते. बहुधा ती माणसाच्या दृष्टीची निर्मिती असते. जिच्याकडे पाहावयाचे नाही असे आपण ठरवतो, ती जमीन ओसाड होते.

१९७५ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची स्थापना झाली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात ही कचराभूमी बंद होऊन तिच्या भवितव्याचा प्रश्न उभा राहिला. १९६९ पासून भारतात कार्य करीत असलेल्या जागतिक वन्यजीव निधीच्या भारतीय शाखेतून एक कल्पना पुढे आली: येथे शोभेची बाग करू नये, मुलांना निसर्ग शिकता येईल असे रान करावे. कल्पना धाडसाची होती. बागेसाठी जागा निवडावयाची तर कोणीही माती पाहून निवडील. येथे मातीच नव्हती. १९८३ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते येथे पहिले झाड लावण्यात आले. त्या वेळी त्यांनी वयाची पंचाऐंशी उलटली होती. ज्याची सावली आपल्याला लाभणार नाही असे झाड लावणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले आहे. १९८७ मध्ये ते निवर्तले तेव्हा येथली रोपे लहानच होती. पुढील वर्षी, १९८८ मध्ये, गोव्यातील चोडण बेटावर मांडवीच्या काठची तिवरे राखून पक्षी अभयारण्य जाहीर झाले आणि त्याला त्यांचेच नाव मिळाले. मिठीचा काठ आणि मांडवीचा काठ असे एका नावाने जोडले गेले. फरक एवढाच, की मांडवीवर होते ते राखावयाचे होते आणि मिठीवर गेले ते पुन्हा आणावयाचे होते. पहिले काम किती स्वस्त आणि दुसरे किती महाग, हे पुढील हकिकतीवरून कळेल.

कचऱ्याच्या ढिगावर झाड लावणे म्हणजे काय, याची कल्पना बाहेरून येत नाही. ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही. तेथे ओला कचरा कुजताना ज्वालाग्राही वायू निर्माण होतो आणि मुळांना प्राणवायू मिळत नाही. पावसाचे पाणी ढिगातून झिरपताना काळे, विषारी होऊन बाहेर पडते. ढीग सतत खचत असतो. आज सरळ लावलेले रोप उद्या कलंडते. उन्हाळ्यात पृष्ठभाग तापतो आणि पाणी धरून ठेवणारा कणच नसतो. म्हणून अशा जागी प्रथम मातीचा थर पसरावा लागतो. मग ज्यांना कसलीही जमीन चालते आणि जी हवेतला नत्रवायू मुळांच्या गाठींत साठवून जमिनीला देतात, अशी शिरीष, करंज, पांगारा या कुळातली झाडे पुढे करावी लागतात. ती झपाट्याने वाढतात, पाने ढाळतात. पाने कुजून बोटभर खत होते. त्यात किडामुंगी, गांडुळे येतात. त्यांच्या मागे पाखरे येतात. पाखरांच्या विष्ठेतून वड, पिंपळ, उंबर यांचे बी येते. माणसाने पहिले पाऊल टाकावे, पुढची पावले निसर्गाने टाकावीत आणि माणसाने वाट अडवू नये, असे हे शास्त्र आहे. बागेत गळलेले पान हा केर असतो, रानात ते अन्न असते. येथे झाडून स्वच्छ करण्यापेक्षा न झाडण्याला महत्त्व आहे, आणि शहरी माणसाला हा धडा शिकणे सर्वांत अवघड जाते.

२२ एप्रिल १९९४ या दिवशी, वसुंधरादिनी, उद्यान लोकांना खुले झाले. १९८३ चे पहिले झाड धरून मोजले तर ते बारावे वर्ष होते. म्हण अशा अनपेक्षित रीतीने खरी ठरली. उद्यानात शिक्षणकेंद्र आहे, औषधी वनस्पतींचा विभाग आहे, रोपवाटिका आहे. छपरावरचे आणि आवारातले पावसाचे पाणी तळ्यात साठवून उन्हाळ्यात झाडांना देण्याची व्यवस्था आहे. शाळांचे वर्ग येथे येतात आणि ज्यांनी पिंपळ केवळ पाठ्यपुस्तकात पाहिला ती मुले त्याच्या पानाची जाळी हातात धरून पाहतात. त्यांच्यापैकी कित्येक पलीकडच्या धारावीतील असतात, जेथे दोन घरांमधून आडवा हात पसरता येत नाही. सार्वजनिक उद्यानाचे महत्त्व ज्याच्या दारी बाग आहे त्याला कळणे कठीण. ज्याला अंगणच नाही त्याचे अंगण म्हणजे सार्वजनिक उद्यान.

येथवरची कथा गोड आहे. परंतु इतिहास लिहावयाचा तर उरलेली बाजूही लिहिली पाहिजे. ज्या प्राधिकरणाने नदीच्या एका काठावर हे रान वाढविले, त्याच प्राधिकरणाकडे १९७७ पासून पलीकडच्या काठावरील वांद्रे-कुर्ला संकुलाची आखणी होती, आणि ते संकुल खाडीच्या पाणथळीवर भराव घालूनच उभे राहिले. एका हाताने ३७ एकर दिले, दुसऱ्या हाताने त्याच्या कित्येक पट घेतले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी भरतीची वेळ आणि पावसाची वेळ एक झाली, मिठीला पसरावयास जागा उरली नव्हती, आणि ती घराघरांत शिरली. शेकडो माणसे दगावली. दीडशे वर्षांच्या बांधांनी आणि भरावांनी सादर केलेला तो हिशेब होता. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीवर बंदी घातली. ३७ एकरांच्या रानाने पूर थोपवावा, अशी अपेक्षा कोणी करू नये; पण पाणी जिरू देणारी भूमी शहराला का लागते, हे त्या दिवसानंतर व्याख्यान देऊन पटवावे लागले नाही.

रान एकदा उभे राहिले म्हणजे ते सुरक्षित झाले, असेही नाही. २०१८ मध्ये धारावीच्या पुनर्विकासाच्या आखणीत या उद्यानाच्या भूमीचाही समावेश झाल्याचे दिसून आले, तेव्हा नागरिकांना आवाज उठवावा लागला; उद्यान योजनेबाहेर राहील, असे पुढे शासनाच्या बाजूने सांगण्यात आले. उकिरडा होता तोवर ज्या जमिनीकडे कोणी पाहत नव्हते, ती हिरवी होताच मोलाची ठरली.

दुसरी गोष्ट त्याहून मूलभूत आहे. माहीमची कचराभूमी बंद झाली म्हणून मुंबईचा कचरा बंद झाला नाही. १९२७ पासून चालू असलेल्या देवनारच्या ढिगावर तो वाढत गेला. २०१६ च्या जानेवारीत तो ढीग पेटला आणि शहर कित्येक दिवस धुरात राहिले. गोराईचा ढीग २००७ मध्ये बंद करून त्यावर आवरण घालण्यात आले, मुलुंडचा २०१८ मध्ये बंद झाला. गोमंतकातील वाचकांना मडगावच्या सोनसोड्याचे नाव सांगावयास नको. २०१९ मध्ये तोही पेटला होता. एका जागेवर झाडे लावून दुसऱ्या जागेवर ढीग रचावयाचा, याला उद्धार म्हणता येणार नाही. ते केवळ स्थलांतर झाले.

म्हणून माहीमच्या कथेला इंदूरची कथा जोडून वाचली पाहिजे. इंदूरच्या वेशीवर देवगुराडिया या टेकडीच्या पायथ्याशी एक प्राचीन शिवस्थान आहे. गोमुखातून पिंडीवर पडणारे पाणी पाहण्यासाठी भाविक तेथे जातात. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी या देवस्थानाचा जीर्णोद्धार केल्याचे सांगितले जाते. होळकरांच्या आश्रयाने इंदूरला गेलेल्या मराठी कुटुंबांना हे स्थान परिचित आहे. पण गेल्या कित्येक दशकांत ‘देवगुराडिया’ म्हटले की शहरवासीयांना देवापेक्षा कचरा आधी आठवे. कारण शहराची सुमारे १०० एकरांची कचराभूमी तेथेच होती. तिच्यावर सुमारे १३ लाख टन जुना कचरा साचला होता. इंदूरच्या महापालिकेने तो झाकला नाही. ढीग उकरून, जंतुप्रक्रियेने कुजवून, चाळून वेगळा केला: माती आणि खत निराळे, दगडविटा निराळ्या, प्लास्टिक निराळे. २०१८ च्या अखेरीस जुना ढीग संपला आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर झाडे लावण्यात आली. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी तेथेच रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू करणारा प्रकल्प सुरू झाला. हे साधले त्याचे खरे कारण यंत्रे नव्हेत. घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय लोकांनी त्याआधी लावून घेतली होती. ढिगाचा उगम आपल्या स्वयंपाकघरात आहे, हे ज्या शहराने ओळखले त्यालाच ढीग संपविता आला.

दोन्ही मार्ग आपापल्या जागी खरे आहेत. माहीमने मेलेली जमीन पुन्हा जिवंत करता येते, हे दाखविले. इंदूरने ती मारू नये कशी, हे दाखविले. एकाने प्रायश्चित्त सांगितले, दुसऱ्याने आचार. आचारावाचून प्रायश्चित्त म्हणजे पुन्हा पाप करण्याची सवलत होय, हे आपल्या धर्मशास्त्राला मुळीच नवे नाही.

धर्मशास्त्राचा उल्लेख आला म्हणून आणखी थोडे सांगावेसे वाटते. आपल्या स्मृतिकारांनी यज्ञयागादी कर्मांना ‘इष्ट’ म्हटले आणि विहिरी, तळी, देवालये, अन्नदान आणि ‘आराम’, म्हणजे बागा, यांना ‘पूर्त’ म्हटले. देऊळ आणि बाग एकाच यादीत आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नव्या बांधकामापेक्षा जुन्याचा जीर्णोद्धार अधिक पुण्यप्रद, असेही आपल्या परंपरेने मानले. अहिल्याबाईंनी हे दोन्ही विचार आचरणात आणले. म्हणूनच त्यांचे नाव काशीपासून रामेश्वरापर्यंत घेतले जाते. मग प्रश्न असा, की दगडी देवळाचा जीर्णोद्धार आपल्याला कळतो, तर विटलेल्या भूमीचा जीर्णोद्धार हे पूर्तकर्म का नव्हे?

आपल्या देवरायांत याचे बीज आहेच. सह्याद्रीच्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केला, तेव्हा देवाच्या नावाने राखलेल्या या तुकड्यांत इतरत्र नष्ट झालेली झाडे टिकून असल्याचे जगाला कळले. गोव्यात सत्तरी तालुक्यातली निरंकाराची राय पाहावी: पाणथळीत उभे असलेले रानटी जायफळाचे वृक्ष आणि चिखलातून वर डोकावणारी त्यांची मुळे. तेथे पडलेली काटकीही कोणी उचलून नेऊ नये, हा नियम. आणि तो मोडू नये म्हणून शिपाई नेमावा लागला नाही. पण येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. निसर्ग उद्यान ही देवराई नव्हे आणि तीस-चाळीस वर्षांत ती होणारही नाही. शतकांनी घडलेले रान पैशाने किंवा उत्साहाने उभे करता येत नाही. म्हणून एकीकडे देवराई तोडून सभामंडप वाढवावयाचा आणि दुसरीकडे चार रोपे लावून समाधान मानावयाचे, हा व्यवहार खोटा आहे. जे आहे ते आधी राखावे. जे गेले ते धीराने आणावे.

आपल्या देवस्थानांपुढे यातून काही साधी कामे उभी राहतात. देवाच्या पायावरून उतरलेले निर्माल्य नदीत अथवा ढिगावर जाऊ नये; देवळाच्याच आवारात त्याचे खत व्हावे आणि ते देवाच्या फुलझाडांना मिळावे. देवस्थानाच्या मालकीचा जो तुकडा कुंपणाबाहेर पडीक आहे आणि ज्यावर उत्सवानंतर पत्रावळी फेकल्या जातात, तेथे फरशी न घालता बेल, उंबर, आपटा, शमी, करंज लावावीत आणि पालापाचोळा तेथेच कुजू द्यावा. तळीचा गाळ काढावा, पण तिचे काठ सिमेंटने बंद करू नयेत. पाण्याला जिरावयास जागा हवी. आणि हे सारे ज्यांच्या घराला अंगण नाही त्यांच्यासाठी खुले ठेवावे.

बिंब राजाला मिळाले ते बरडबेट निसर्गाने दिलेले होते. आपण आपल्या मुलांच्या हाती जे बरड देऊ ते आपण केलेले असेल. राजाने नारळ लावले ही आख्यायिका असू शकते. माहीमच्या खाडीकाठी कचऱ्यावर उंबर उभा आहे, ही आख्यायिका नव्हे. तो कोणाही येणाऱ्याला पाहता येतो.